वाकणारे पाव्हणे

देवळा तालुक्यात पाहुण्याला चहा विचारायच्या आधी कामाला लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: वाकून कांदा लावू शकणारी आणि न शकणारी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी कोरा सफारी घालून नाशिकहून त्यांच्या पाया पडायला गेलो. आशीर्वाद देता देता त्यांचा हात माझ्या पाठीवरून कमरेपर्यंत फिरला, तेव्हा मला अगदी भरून आलं. ते कंबर चाचपत होते हे मागून कळलं. "कवळी हाय अजून, वाकंल," असं मामींना सांगून त्यांनी माझ्या हातात कांद्याच्या रोपांची जुडी दिली. संध्याकाळपर्यंत मी चार वाफे लावले आणि जावयासाठी केलेले मांडे उभ्यानंच खाल्ले, कारण बसता येत नव्हतं.

पूर्वी म्हणे गावात लागण सावडीनं व्हायची. आज सगळे याच्या वावरात, उद्या सगळे त्याच्या. पण नव्वद सालानंतर गावातली तरणी पोरं एकेक करून नाशिकच्या कारखान्यांत लागली, मामांचा मुलगा मनमाडला रेल्वेत चिकटला आणि सुरगाण्याकडून येणारे मजूर द्राक्षबागांकडे वळले. रोप मात्र कुणासाठी थांबत नाही. मग मामांनी सावडीची हद्द वाढवून नाशकातल्या आमच्या इंदिरानगरपर्यंत आणली, इतकंच. एका वर्षी माझ्यासोबत सहज गाव बघायला आलेल्या आमच्या बँकेच्या मॅनेजरांनीही दीड वाफा लावला. सावड म्हटली की फेड आलीच. उन्हाळ्यात मामा नाशकात आले, साहेबांच्या अंगणातले गुलाब उपटले आणि तिथे मेथी पेरून दिली. साहेब बिचारे आभार मानत राहिले.

जनगणनेला आलेल्या गुरुजींनी "घरात काम करणारे किती?" असं विचारलं, तर मामा म्हणाले, "चौदा." गुरुजींनी आत डोकावलं. मामींशिवाय कोणी दिसेना.

"बाकीचे?"

"नाशकाला हायेत. लागणीला येत्यात."

गुरुजींनी दोनच लिहिले. मामा त्यावरून किती तरी वर्षं धुसफुसत होते. "सरकारला माणसं मोजता येत नाय," असं ते ज्याला त्याला सांगायचे.

मग एका डिसेंबरात मामांचा फोन आलाच नाही. आदल्या वर्षी कुणाची रजा, कुणाच्या मुलांच्या परीक्षा असं होऊन नाशिकहून आम्ही पाचच जण गेलो होतो आणि अर्धं रोप वाळलं होतं. बायकोच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही न बोलावताच गेलो. मामा ओट्यावर ठणठणीत बसलेले, आणि पलीकडे सगळ्या वावरात गुडघाभर गहू.

"ट्रॅक्टरनं पेरला," ते म्हणाले. "एकाबी माणसाची गरज लागली नाय."

त्यांनी आम्हाला चक्क खुर्च्या दिल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच पाहुण्यासारखा बसलो. मला फार परकं वाटलं. मामांनी तीनदा नाशिकच्या हवेची चौकशी केली.

"मामा, एक फोन तरी करायचा," बायको म्हणाली.

"आता काम नाय, तर कंच्या तोंडानं बोलवू?"

तिचे डोळे भरले. पण ती तरी भाची कोणाची! पदरानं डोळे पुसून तिनं फर्मावलं, "पुढच्या वर्षी दोन वाफे कांद्याला ठेवायचे. आम्ही येणार."

मामांनी बोटांवर हिशेब केला.

"दोन तर दुपारपर्यंतच उरकतील," ते हळूच म्हणाले. "मंग तुम्ही लगीच निघाल. आठ ठिवतो."