ध्रुवाचा डोल आणि माझा अंदाज

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझा अंदाज चुकायला लागला. विषय होता पृथ्वीच्या ध्रुवाचा डोल. पृथ्वीचा फिरण्याचा आस जमिनीतून जिथं बाहेर येतो, तो ध्रुव एका जागी नसतो. काही मीटरांच्या फेऱ्यात गोल गोल सरकत राहतो. त्यात दोन डोल मिसळलेले असतात, एक वर्षाचा आणि दुसरा साधारण चौदा महिन्यांचा. जुन्या नोंदींवरून त्याची पुढची जागा सांगणारं मॉडेल मी सोलापुरात कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात उभं केलं होतं. जुन्या वर्षांवर ते छान चाललं. अलीकडच्या वर्षांवर लावलं, तर माझं वर्तुळ मोठं होत गेलं आणि खरा ध्रुव लहानशा जागेतच घुटमळत राहिला.

"कोडमध्येच काहीतरी असणार," माझे मार्गदर्शक म्हणाले. "अधिक-उण्याची चिन्हं तपासा."

तपासली. पुन्हा तपासली. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच सुमारास आप्पा, माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वळसंगहून आले होते. काळा चष्मा लावून कंटाळलेले.

"दिसभर काय बघती गं त्या कॉम्प्युटरात?"

मी सांगितलं.

"ध्रुव हलतो व्हय? मग तारा बी हलत आसंल की."

"तारा नाही हो आप्पा. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तोही जवळजवळ तिथंच. पृथ्वीच त्याच्यावर जरा सरकते."

"मंजी आस हलत न्हाय, पर ध्रुव हलतो?"

मी तांब्या तिरका धरून दाखवायला गेले आणि मध्येच थांबले. गणितात मला हे पाठ होतं. हातात मात्र काय फिरवायचं आणि काय स्थिर धरायचं, तेच कळेना.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "च्या टाक."

काही आठवड्यांनी मार्गदर्शक सरांचा फोन आला. तो चौदा महिन्यांचा डोलच अलीकडे मंदावला होता. बाहेरच्या अभ्यासकांनाही तेच दिसत होतं.

"म्हणजे तुमची चूक नव्हती."

"पण मंदावला कशानं, सर?"

"त्यावर अजून एकमत नाही."

मी फोन ठेवला. हायसं वाटायला हवं होतं. पण डोल कायम तसाच राहील, हे मीच तर गृहीत धरलं होतं. मग ती चूक नव्हे तर काय?

शेवटी मी अंदाजाची मुदत वर्षावरून महिन्यावर आणली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "डोल पुन्हा वाढेल?"

"सांगता येणार नाही, सर."

त्यांनी मान डोलावली. पदवी मिळाली. पेढे वाटताना शेजारणीनं विचारलं, नेमका कशाचा शोध लावला? मी तिला आणखी एक पेढा दिला.