धक्केमामांची गाडी

आमचे मामा एसटीत कधी पुढे बसले नाहीत. पुढच्या सीटा रिकाम्या असल्या तरी ते मागच्या चाकावरची सीट धरायचे. तिथे बसलं की माणूस वीतभर उडतो आणि शहाणा असेल तर पुन्हा तिथे बसत नाही. मामा दुसरबीडपासून बुलढाण्यापर्यंत तिथे डोळे मिटून बसायचे आणि उतरताना ड्रायव्हरला सांगायचे, की डाव्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा गेलाय. ड्रायव्हर मान डोलवायचा, म्हणजे ऐकायचा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी काही बोलले तर म्हणायचे, "पुढचं दिसते, बाई. मागचं सोसा लागते." सगळं गाव त्यांना धक्केमामा म्हणायचं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

रोडवर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि नाल्यापलीकडे वावर. कागदावर काही असो, दुकान मामांचं आणि वावर मामीचं. वांगी, मिरची, पालक, सगळं तिच्या हातचं. मिरचीचं शेवटचं पोतं मोजून झालं की मामी स्वतः काट्यावर चढायची. मामा वजन मोठ्याने वाचायचे आणि माल न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला सांगायचे, "हा माल विकाचा नाही." दरवर्षी तोच विनोद आणि दरवर्षी मामी नव्याने लाजायची. चांगली दांडगी बाई होती, लाजताना मोठी गंमत दिसायची.

मग मामीला कॅन्सर निघाला आणि दुखणं मणक्यात उतरलं. शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तिला आवडेल ते करा म्हणाले. तिला एकच आवडत होतं. "मले एकदा वावरात न्या," एवढंच ती म्हणे. पण वावराकडे जाणारी पांदण म्हणजे नुसते दगड, चाकोऱ्या आणि मधे नाला. मोटरसायकलवर तिला बसवेना, बैलगाडीत घातलं तर गल्लीच्या तोंडाशीच तिला कळ सोसवेना. भावकीतले म्हणाले, बाजेवर घालून आम्ही चौघं नेतो, त्यात काय. मामी एकदम ताठ झाली. म्हणाली, "चौघाईच्या खांद्यावर तं जाणंच आहे. जितेपणी नाही जात."

त्या दिवसापासून मामांनी दुकानातलं बाकीचं काम बंद केलं. मोबाईलवर त्यांनी कुठल्याशा पोरांनी घरी बनवलेली, रानातून उडत जाणारी गो-कार्ट, म्हणजे चार चाकांची बुटकी उघडी गाडी, पाहिली होती. मी सुट्टीवर आले तेव्हा दुकानाची फरशी खडूच्या रेघांनी भरलेली. मी वैतागले. म्हटलं, मामा, अहो हे पोरांचं खेळणं, यात तुम्ही आजारी माणूस बसवणार? ते म्हणाले, खेळणं पुढून आहे, मागून नाही.

पुढचं खरंच भराभर झालं. पाईपचा सांगाडा, भंगारातल्या स्कूटरचं इंजिन, रुंद टायर. घोडं अडलं ते मागे. आधी जुन्या जीपचे पाटे लावले, ते फार कडक निघाले. मग मोटरसायकलच्या मागच्या चाकाला धरून ठेवतो तसा चिमटा दोन्ही चाकांना वेगवेगळा केला. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीवर राहावं आणि मधे सीट हलू नये, असा बेत होता. चिमट्यांवर धक्के गिळणारे शॉकप, शॉकपवर स्प्रिंगा. सीटवर मामीच्या वजनाचं सोयाबीनचं पोतं ठेवून त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला बसवायचे आणि पांदणीतून गाडी न्यायचे. पाणी सांडलं की परत दुकानात, शॉकपचा कोन बदलायचा, पुन्हा पोतं, पुन्हा पेला. एका सकाळी गाडी नाला ओलांडून आली आणि पेल्यातलं पाणी होतं तसं होतं. मामा तो पेला घेऊन घरात गेले आणि मामीला म्हणाले, "चाल."

मामीने हिरवं लुगडं नेसवून घेतलं. सीटवर आम्ही तिला अलगद ठेवलं. गाडी निघाली, गल्लीतल्या पहिल्याच दगडावर चढली आणि मामीने पदर तोंडात कोंबला. आवाज मात्र दाबला गेला नाही. गाडी तिथेच थांबली.

झालं होतं असं, की पोतं मिरचीच्या गेल्या तोडणीला मामीचं जे वजन भरलं होतं, तेवढ्याचं होतं. ते वजन मामांना पाठ होतं. दुखणं आल्यापासून मामीला काट्यावर चढवायची कोणाची छाती झाली नव्हती, मामांची तर नाहीच. त्या पोत्याखाली स्प्रिंग छान दबायची. मामीखाली ती दबलीच नाही, ताठ उभी राहिली आणि दगड सरळ तिच्या मणक्यात गेला. त्या दुपारी मामा मामीला दोन्ही हातांवर घेऊन काट्यावर उभे राहिले, मग तिला निजवून एकटे उभे राहिले. दोन आकड्यांमधलं अंतर त्यांनी मोठ्याने वाचलं नाही.

मग पोत्यातून सोयाबीन काढलं, स्प्रिंगा बदलल्या, शॉकप आडवे केले. ते जमेपर्यंत मामी आणखी उतरलेली. पुन्हा काटा, पुन्हा पोतं. मामा गाडी मऊ करत जायचे आणि मामी हलकी होत जायची. त्यांना ती कधीच गाठता आली नाही. मला ते बघवेना. मामीजवळ बसून म्हटलं, मामांना तू तरी सांग, आता पुरे. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "करू दे त्याईले. हातात काम नसलं तं माह्या तोंडाकडे पाहत बसतीन." म्हणजे तिला सगळं माहीत होतं. दुकानातून वेल्डिंगचा आवाज येत होता आणि ती तो ऐकत पडली होती.

गाडी शेवटची बदलून झाली त्या दिवशी मी सहज सीटवर टेकले. मागची बाजू खालीच बसली, चाकाला घासली. मामा आतून धावत आले. "उतर, उतर. ते तुह्या वजनाचं नाही." मी काही जाड नाही हो. मी उतरले तेव्हा बाजूला ठेवलेलं पोतं दिसलं, लहान पोराएवढं. मला तिथेच रडू फुटलं आणि मामा पान्हा शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी गेली.

आमच्याकडे आपल्याच वावरात अग्नी देतात. त्याच पांदणीने निघालो. मामा अग्नीचं मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढे होते. एका वडीलधाऱ्याने त्यांना बजावलं होतं, की मडकं धरणाऱ्याने मागे पाहायचं नसतं. नाल्याच्या उतरणीला मामा थांबले आणि वळले. माणसं नको नको म्हणाली. मामा तिरडीच्या मागच्या खांदेकऱ्यांकडे पाहत होते.

"मागचे, हळू उतरजा," ते म्हणाले. "तिले धक्का लागते."

मागच्या दोघांनी दगड चुकवत, एकेक पाऊल जपून टाकत तिला नाल्यापार नेलं.