काउराच्या कबरी आणि आपलं आडनाव

अन्वी, सुजात,

अन्वी फेब्रुवारीत इथे सिडनीला येणार. क्वेकर्स हिलला तुमच्या मिलिंदकाकाच्या घरी राहून युनीला, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीला, जाणार. सुजातही मागोमाग येईन म्हणतो. त्याआधी हे लिहून पाठवते. फोनवर सांगता येत नाही, कारण फोन चालू असतो तेव्हा काका शेजारच्या सोफ्यावर बसलेला असतो. आणि ही गोष्ट त्याचीही आहे.

"वाटत नाही हो तुमच्याकडे बघून."

हे मला गेल्या महिन्यात ऐकवलं गेलं. एका बाईने ऐकवलं. हसतमुखाने, माझ्याच हातचं थालीपीठ खाता खाता. तिला वाटलं, ती माझं कौतुक करते आहे.

आता पहिल्यापासून सांगते.

इथल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. आयटीवाले, इंजिनिअर, डॉक्टर. बहुतेक पुण्या-मुंबईचे. गणपती, दिवाळी आणि थंडीत एक सहल. यंदाची सहल काउरा नावाच्या गावाला होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे कैद्यांची छावणी होती. एका रात्री शेकडो जपानी सैनिक तिथल्या काटेरी तारांवर तुटून पडले. सुटायला कमी, मरायलाच जास्त. खूप जण मेले. आता तिथे त्यांची दफनभूमी आहे आणि एक सुंदर जपानी बाग आहे. लोक बागेसाठी जातात. छावणी जवळच आहे म्हणून तीही बघून घेतात.

मंडळात तुमच्या काकाचं नाव मिलिंद निमगावकर आहे. दचकू नका. पासपोर्टवर बनसोडेच आहे, ऑफिसातही बनसोडे. गोऱ्या लोकांना दोन्ही आडनावं सारखीच अवघड. निमगावकर आहे ते फक्त आपल्या माणसांसाठी. गावाच्या नावाला 'कर' लावला, झालं. त्यावरून काही कळत नाही. कळू नये यासाठीच तर ते आहे. मी आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना त्याने गाडीतच सांगितलं, "आई, इथे आपण निमगावकर. उगाच कुणाला काही सांगत बसू नकोस." मला आडनावाने कुणी हाक मारत नव्हतं. सगळ्यांची मी काकू.

विद्याताई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान डॉक्टर. त्यांच्या बॅकयार्डात बार्बेक्यूशेजारी बुद्धाची मूर्ती आहे. शोभेची, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. "किती शांत वाटतं ना काकू हिच्याकडे बघून?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी हो म्हटलं. मला वाटतंच. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक मी केले. मी गणपती मानत नाही. मोदक मात्र मला चांगले येतात. यंदाही त्यांनी मलाच सांगून ठेवलं होतं.

काउराला माहिती सांगायला गावातल्या मार्गरेट नावाच्या गोऱ्या बाई होत्या. माझ्याच वयाच्या. छावणीच्या जागेवर फारसं काही नाही. माळ, वाळलेलं गवत, त्यातून वर आलेले सिमेंटचे ओटे. हे स्वयंपाकघर, ही न्हाणीघरं, असं त्या दाखवत होत्या. आमची मंडळी ओट्यांवर चढून फोटो काढत होती. एकाने दोन्ही मनगटं जोडून बेड्या घातल्यासारखी पोझ दिली. बाकीचे हसले. सहल होती ना.

मग दफनभूमी. मार्गरेटनी सांगितलं, इथे फक्त सैनिक नाहीत. देशभरच्या छावण्यांमध्ये डांबलेले साधे जपानीही मेल्यावर शेवटी इथेच आणले. समुद्रात बुडी मारून मोत्यांचे शिंपले काढणारे. धोबी. दुकानदार. काहींची उभी हयात ऑस्ट्रेलियात गेलेली. युद्ध पेटलं आणि त्यांना उचलून कुंपणाआड टाकलं. गुन्हा काय? जपान्याच्या पोटी जन्मले.

विद्याताईंनी डोळ्यांना टिश्यू लावला. "केवळ जन्मावरून! कसली माणसं असतील हो ती!"

पुढे सैनिकांचं. जिवंत पकडलं जाणं म्हणजे सगळ्यात मोठी नामुष्की, असं त्यांच्या डोक्यात भरवलेलं होतं. म्हणून छावणीत आल्यावर कितीतरी जणांनी खोटी नावं सांगितली. घरी कळू नये म्हणून. पोरगा लढता लढता गेला असंच आईबापांना वाटावं म्हणून. मेले ते त्याच खोट्या नावाने पुरले गेले. मार्गरेट माझ्याशेजारी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "यातल्या काही पाट्या कुणाच्याच नाहीत, डियर."

मी खाली बघितलं. जमिनीलगत बसवलेल्या लहान लहान पाट्या, ओळीने. त्यांच्या आयांनी त्यांना दुसऱ्याच नावाने हाका मारल्या असतील. माझा मुलगा तिथेच पलीकडे उभा होता. डॉक्टरांशी क्रिकेटवर बोलत होता.

"नावाची कसली लाज बाळगायची?" विद्याताई म्हणाल्या. "नाव म्हणजे तर माणसाची ओळख."

नदीकाठच्या पार्कात आम्ही डबे उघडले. माझं थालीपीठ आणि लसणाची चटणी आधी संपायला लागली. "काकू, काय झालंय! रेसिपी टाका ना ग्रुपवर." असं चाललेलं असताना डॉक्टरांनी मिलिंदला विचारलं, "निमगावकर म्हणजे कुठलं रे निमगाव? मूळ आडनाव काय तुमचं?"

मिलिंद क्षणभरही थांबला नाही. "मूळ कुलकर्णी. आजोबांकडे गावचं दप्तर होतं."

दप्तर! त्याचे आजोबा गावची मेलेली ढोरं ओढत होते. तुमचे पणजोबा. त्यांच्या मुलाने, तुमच्या आजोबांनी, ते काम नाकारलं. मार खाल्ला. दिवसा मजुरी करून शिकले, मास्तर झाले, हेडमास्तर झाले आणि त्याच गावात बनसोडे गुरुजी म्हणून ताठ मानेने फिरले. या दोघांना त्यांच्याच रक्ताच्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं. चटणी बोटाने चाटता चाटता.

मी शाळेत होते तेव्हा कारकून वर्गात यायचा आणि ओरडायचा, "सवलतवाले उभे राहा!" मी वर्गात पहिली यायची. तरी उभं राहायचं. मागच्या बाकांवरून हसू यायचं. एकदा मी उठले नाही, तर मास्तरांनी बोट दाखवून उठवलं. तेव्हा मला दुसऱ्यांनी उभं केलं होतं. काउराला मी माझी उभी राहिले.

"डॉक्टर, कुलकर्णी नव्हे. आम्ही बनसोडे."

कोणीतरी पाण्याची बाटली उघडली.

"अय्या," विद्याताई म्हणाल्या. "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून."

"काय वाटत नाही?"

"नाही, म्हणजे… तुमचं बोलणं, राहणं. इंग्लिश तर आमच्यापेक्षा फर्स्ट क्लास."

"तीस वर्षं कॉलेजात शिकवलं ना, म्हणून."

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, आम्ही असलं काही मानत नाही. पण आधी सांगायला हवं होतं."

"मानत नाही, तर सांगायला कशाला हवं होतं?"

एवढा शिकलेला माणूस, तोंडातला घास गिळायचा की नाही हे त्याला कळेना. त्यांच्या युनीत जाणाऱ्या मुलीने कानातला इअरफोन काढला. "मम, व्हॉट्स राँग विथ बनसोडे?"

"नथिंग. खा तू."

मुलीने इअरफोन परत घातला. विद्याताईंनी अर्धं थालीपीठ ताटलीत तसंच ठेवलं, हात पुसले आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, यंदा मोदकांचं आपण बाहेरूनच बघू हं. तुमची उगाच दगदग नको."

ही तीच बाई. सकाळी परक्यांच्या कबरींवर रडलेली. मेलेल्यांसाठी रडणं सोपं असतं. ते जेवायला येत नाहीत. त्यांची आडनावं विचारावी लागत नाहीत. ही मंडळी समुद्र ओलांडून आली, नागरिक झाली, मुलांना 'नो वरीज' म्हणायला शिकवलं, आणि सामानात बांधून काय आणलं तर हे. मला रडू आलं नाही, मुलांनो. मला त्यांची शिसारी आली. इतकी स्वस्त माणसं आणि इतका तोरा.

परतीच्या बसमध्ये आमच्या पुढची आणि मागची सीट रिकामी राहिली. मिलिंद खिडकीकडे तोंड करून कुजबुजला, "काय गरज होती, आई? सगळं नीट चाललं होतं."

"कुणाचं?"

"मला यांच्यातच राहायचंय. तुला नाही कळायचं."

"राहा की. बनसोडे म्हणून राहा."

"आणि उद्या कुणी बोलावलं नाही तर?"

"तर घरी जेव."

घरी आल्यावर मी त्याला एकच सांगितलं. ज्या दिवशी तू अन्वीची ओळख कुणाला निमगावकर म्हणून करून देशील, त्या दिवशी माझं पुण्याचं तिकीट काढ. मी हे रागाने बोललेले नाही. कपडे कपाटात लावते तितक्या शांतपणे बोलले.

अन्वी, तुला इथे विचारतील. हसून विचारतील, खायला देऊन विचारतील. काका म्हणेल, कशाला वाद. तू नाव सांगायचं. पूर्ण. त्यानंतर जी ताटली खाली ठेवली जाईल ती बघायची आणि ती माणसं ओळखून ठेवायची. सुजात, तुलाही हेच. ज्याला हे जमणार नाही त्याने माझ्याकडे येऊ नये. आजी म्हणून मी तेवढं कडक बोलू शकते.

आता इथे काय उरलंय तेही सांगते, म्हणजे तू आलीस की बुचकळ्यात पडणार नाहीस. मिलिंद माझ्याशी कामापुरतं बोलतो. मंडळाचा फोन येत नाही. पूर्वी जी माणसं घरी बोलवायची त्यातली बहुतेक आता रस्त्यात दिसली की फोनमध्ये बघतात. बनसोडे हे आडनाव या उपनगरात सगळ्यांना माहीत झालंय. ते आहे.