मागून हाक आली नाही

आज सकाळी ब्लॉग उघडला, तर लिहायचं पानच बदललेलं. डावीकडे माझ्या सगळ्या लेखांची यादी असायची. सातवीत शाळा सुटलेला मी, नवं लिहिण्याआधी ती यादी एकदा वरून खाली पाहायचो, मगच हात चालायचा. आता तिथे नुसती पांढरी जागा आहे आणि कोपऱ्यात तीन आडव्या रेघा.

"रेघांवर दाबा, बाबा. यादी आत आहे," सूनबाई म्हणाली.

"माझं कपाट मला न विचारता माळ्यावर टाकलं, तर मी शिडी शोधत बसू?"

"मग भांडा. पण कुणाशी?"

मी तक्रार लिहिली. 'आपल्या सूचनेबद्दल आभार' असं उत्तर लगेच आलं. इतक्या लवकर कुणी वाचतसुद्धा नाही.

भांड्यांच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. घाऊक व्यापारी भावात ऐकेना, की मी चपला घालून पायऱ्या उतरायचो. तिसऱ्या पायरीवर मागून हाक यायचीच, "अहो शेठ, या, बसा तरी." माणूस कितीही चिवट असो, पाठ फिरवून जाणारं गिऱ्हाईक त्याला बघवत नाही. त्या हाकेच्या भरवशावर मी दुकान उभं केलं.

आजही तसाच उठलो. सावकाश दारापर्यंत गेलो, उंबऱ्यात जरा थांबलोही. मागे स्क्रीन आपोआप काळी झाली.

मग मीच परत येऊन बसलो आणि मुकाट्याने त्या तीन रेघांवर दाबलं.