भाता आणि तीन चेंडू

काचेच्या भट्टीवर त्याला सगळे 'भाता' म्हणत. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो एका दमात बरणी फुगवी आणि मग शेजारच्या कारागिराच्या कामाला नावं ठेवी.

त्याच्या हृदयाची झडप बदलली. शस्त्रक्रिया झकास झाली, पण घशातली नळी ठरल्यापेक्षा बरेच दिवस राहिली. तेवढे दिवस यंत्राने त्याच्या वतीने श्वास घेतला आणि फुप्फुसांनी, बदली माणूस मिळाल्यावर कुणीही करील तेच केलं: अंग टाकलं. नळी निघाली तेव्हा खोकायलाही जोर उरला नव्हता.

"फुप्फुसांचा खालचा भाग मिटलाय, तो उघडायचा," असं म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याच्या हाती प्लॅस्टिकचं एक खेळणं ठेवलं. तीन कप्पे, तीन चेंडू, एक नळी.

"पुन्हा बरणी फुगवता येईल ना?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आधी चेंडू वर उचला, काका. मग बोलू."

भात्याने चेंडूंकडे दयेने पाहिलं आणि नळी तोंडात धरली. चेंडू ढिम्म.

"फुंकायचं नाही, आत ओढायचं."

"ओढतोच आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. बाई पुन्हा एक्स-रे काढण्याचं बोलू लागल्या. कोपऱ्यात त्याचे मोजे घडी करत बसलेल्या बायकोने तेव्हा तोंड उघडलं. "अहो बाई, हे नाकानं ओढतायत."

भट्टीवरचा पहिला धडा तोच. नळी तोंडात असताना तिच्यातून श्वास आत घ्यायचा नाही, तापलेली हवा घशात जाते. जन्मभर पाळलेला नियम छातीला टाके पडले म्हणून सुटत नाही.

बायको उठली आणि तिने त्याचं नाक चिमटीत धरलं. "आता ओढा."

"अगं, सोड, जीव जाईल."

"जायचा असता तर मागेच गेला असता. ओढा."

पहिला चेंडू टुणकन वर गेला. दुसरा अर्ध्यावर डळमळला. तिसऱ्याने बराच भाव खाल्ला, पण घरी गेल्यावर महिन्याभराने तोही शरण आला.

डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली. हलकं म्हणजे काय, ते भात्याने स्वतःच ठरवलं आणि भट्टीवर जाऊन थेट बरणीची नळी उचलली. डबा घेऊन आलेल्या बायकोचा हात सवयीने पुढे झाला.

"नाक राहू दे," तो म्हणाला. "आता फुंकायचंय."

बरणी फुगली. एका दमात नाही, तीन दमांत. बरणीकडे नीट पाहून झाल्यावर तो शेजारच्या कारागिराकडे वळला.

"काय रे, तुझी ती बाटली जरा वाकडी नाही का?"