दोन पंचांचे इंग्रजी

इंग्रजांनी या देशावर दीडशे वर्षं राज्य केलं, पण त्यांच्या भाषेची नीट झडती घेणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि तो अहेरीच्या अलीकडे जंगलनाक्यावर खाकी हाफपँट घालून बसत असे. सगळे त्यांना नाकेदारभाऊ म्हणत. स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली होती आणि मी अहेरीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायला लाकडाच्या रिकाम्या ट्रकमधून चाललो होतो. भाऊंनी ड्रायव्हरचे कागद पाहिले, ट्रकखाली वाकून पाहिलं, आणि नाक्यावरचा आडवा बांबू न उचलता माझ्यापुढे एक जाडजूड वही धरली. म्हणाले, "गुरुजी दिसता. हा शब्द कसा म्हनता?" मी म्हटलं, "लेपर्ड." त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, वहीत माझी सही घेतली आणि मगच बांबू वर गेला. एका ठेकेदाराने त्याच बिबट्याला 'लिओपार्ड' म्हटल्यामुळे तो शब्द बिचारा वर्षभर वहीत तंट्यात पडून होता, हे मला मागाहून कळलं.

भाऊंचं शिक्षण चौथीपर्यंतचं. इंग्रजी ते कोशातून आणि खात्याच्या जुन्या रिपोर्टांतून स्वतःच शिकले होते, पण शिकण्याची रीत सगळी नाक्याची. चोरीचं लाकूड सापडलं की दोन पंच बोलावून पंचनामा करायचा, ही त्यांची नोकरी. तोच कायदा त्यांनी शब्दांना लावला. अर्थ पुस्तकातला चालेल, पण उच्चार दोन वेगवेगळ्या तोंडांतून एकसारखा ऐकल्याशिवाय शब्द पास नाही. दोन सह्या झाल्या की लाल पेन्सिलीने गोल छाप, लाकडावर हातोड्याचा असतो तसा. छाप नसलेला शब्द भाऊ मरून गेले तरी तोंडातून काढत नसत. सोयरे शब्द ते एकत्र रचत, त्याला थप्पी म्हणत. पाण्याची थप्पी, लाकडाची थप्पी, आवाजांची थप्पी. अर्थही स्वतःचे घालत. 'रसल' म्हणजे सागाच्या वाळल्या पानातून मुंगूस जाते तो आवाज. 'क्रॅकल' म्हणजे त्याच पानाले आग लागली तर. 'ग्रोल' वाघ दिसाच्या आधी, 'रोर' आपन पळाले लागल्यावर. मी इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, पण इतके चोख अर्थ मला कधी सांगता आले नाहीत.

या हट्टापायी भाऊंची बढती मात्र अडून बसली होती. फॉरेस्टर व्हायचं तर चांद्याला जाऊन साहेबापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. जंगलाच्या प्रश्नांना भाऊ पाठ थोपटून घेत, आणि इंग्रजीत एखादा बिनछापाचा शब्द आला की गप्प बसत. अशा दोन खेपा वाया गेल्या होत्या. तिसरी शेवटची, पुढे वय आडवं येणार होतं. मी त्यांना अक्षरशः हात जोडले. "भाऊ, येईल तसा म्हणून टाका ना. काय बिघडतं?" भाऊ शांतपणे म्हणाले, "आज उच्चार असाच सोडला, गुरुजी, तर उद्या लाकूडबी असंच सोडीन." मला राहवेना. शाळेतून रजा काढून मीही त्यांच्याबरोबर चांद्याला गेलो आणि कचेरीच्या व्हरांड्यात उघड्या दारापाशी बसून सगळं पाहिलं, ऐकलं.

पहिली पंधरा मिनिटं झकास गेली. मग साहेबाने एक कागद पुढे सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. भाऊ म्हणाले, "साहेब, अर्थ सांगतो. झाडाचं सारं पान एका नजरेत दिसते ते. उच्चार नाई करत. एकच पंच भेटला आहे." साहेब वैतागून म्हणाले, "अहो, फोलिएज! एवढंही येत नाही?" भाऊंनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "गुरुजीबी असंच म्हनले होते. इथी सही करा, साहेब. दुसरे पंच तुम्ही." मग पेन कुरकुरल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर साहेब जे हसायला लागले ते थांबेनात. त्यांनी ती वही पहिल्या पानापासून वाचली. चहा निवला, दुसरा आला, तोही निवला. भाऊ पास झाले.

फॉरेस्टर झाले आणि नाका सुटला. नेमणूक मिळाली ती पार आतल्या जंगलात, जिथे ना मोटार जाई, ना इंग्रजी बोलणारा कुणी. शब्दांनी बढती दिली आणि शब्दांची वाटच बंद केली. महिना-दोन महिन्यांनी अहेरीच्या बाजाराला आले की भाऊ वही घेऊन माझ्याकडे येत, पण मी पडलो एकच पंच. एकदा मला त्यांची दया आली. त्यांच्या वहीत माझ्या एकट्याच्या सहीवर अडलेला 'एको', म्हणजे प्रतिध्वनी, हा शब्द मी आदल्या आठवड्यात बायकोकडून घोकून घेतला आणि भाऊ येताच तिला पुढे केलं. तिने अगदी स्पष्ट म्हटला. भाऊंनी तिला नमस्कार केला आणि पेन्सिल खिशात ठेवली. "बाई, बोलल्या तुमी बराबर. पन शिकवलेला पंच चालत नाई." मग जरा थांबून म्हणाले, "तिकडं डोंगराजवळ मी हा शब्द म्हनला तर डोंगर वापस म्हनते. रोज म्हनते. पन त्याले पंच कसा मानू, गुरुजी? तोबी माझाच शिकवलेला."

पुढे त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली, माझी चांद्याला, आणि गाठीभेटी संपल्या. इथे इंग्रजी बोलणारे पुष्कळ. परवा एका सभेत एक पाहुणे बोलता बोलता 'एको' म्हणाले, अगदी माझ्यासारखं, आणि मी भर सभेत ताडकन उभा राहिलो. सगळे बघायला लागले. खिसे चाचपले, तेव्हा लक्षात आलं की सही घ्यायची ती वही सिरोंच्याच्या जंगलात आहे. भाऊंची फार आठवण येते. मी खाली बसलो आणि सभा संपल्यावर पाहुण्यांना गाठून एका कोऱ्या पोस्टकार्डावर 'एको' लिहून त्याखाली भाऊंसाठी त्यांची सही मागून घेतली.