एकशे सहा रंग उडालेले नर

तिसऱ्या मजल्यावरच्या डांबरमावशीने संग्रहालयाच्या साहेबांना मेलेला पक्षी फेकून मारला, ही बातमी आमच्या जिन्यात शुक्रवारी सकाळी आली आणि दुपारपर्यंत साहेबांच्या डोक्याला सात टाके पडले. संध्याकाळी तळमजल्यावर पोचेपर्यंत पक्ष्याचा गरुड झाला होता. खरं एवढंच, की पक्षी मुठीएवढा होता आणि तिने तो फेकला नाही, पांढऱ्या रुमालावर अलगद ठेवला. तिला ओळखणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वेळ आली तर ती साहेब फेकेल, पक्षी फेकणार नाही.

डांबरमावशी हे नाव पोरांनी ठेवलेलं. सव्वीस वर्षं ती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत कापूस भरलेल्या पक्ष्यांची कपाटं सांभाळते. खण ओढायचा, कसर लागली का बघायची, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, पायाला बांधलेली चिठ्ठी सुटली असेल तर नवा दोरा घालायचा. त्या वासापायी बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नाही. "बरंच आहे," ती म्हणते, "पिशवीला जागा होते."

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम मुक्कामाला असतो, पण या खेपेला त्याला कारणही तसंच मिळालं. नव्या दालनाला जागा हवी, म्हणून साहेबांनी संगणकातून टाकाऊ पक्ष्यांची यादी काढली. शुक्रवारी गाडी येणार आणि सगळे भट्टीत जाणार. सोमवारी यादी मावशीच्या हातात पडली. एकशे सहा आकडे, आणि प्रत्येकापुढे तेच शब्द: नर, रंग उडालेला.

तिने खण उघडला. वरच्या ओळीत निळेजर्द, शेंदरी गळ्याचे नर, मेल्यावरही ऐटीत. खालच्या ओळीत मातकट, राखी, विटकरी. यांचा रंग उडालेला? यांना तो कधी नव्हताच. या माद्या होत्या. अंड्यांवर बसल्यावर कुणाच्या नजरेत भरू नये, म्हणून जन्मतःच मातकट.

मग त्या नर कशा झाल्या? तिला आठवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्वी बंदुका घेऊन हिंडणाऱ्यांना रंगीत पाखरं तेवढी हवी असत. मातकट एखादं चुकून पिशवीत आलं तर आलं. म्हणून या कपाटांत एका मादीमागे सात-आठ नर. त्यात माद्यांच्या चिठ्ठीवर नर की मादी हे लिहायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी सगळ्या चिठ्ठ्या संगणकात चढवल्या, तेव्हा तो यंत्रमहाशय रकाना कोरा सोडू देईना. भरणाऱ्याने विचारलं, काय टाकू? तेव्हाचे साहेब चहा पीत म्हणाले, "नर टाक. पुढे बघू." पुढे कुणीच बघितलं नाही. आणि आता नर असून रंग नाही, म्हणून शिक्षाही त्यांनाच. चोर सोडून संन्याशाला सुळी.

नुसतं ओरडून भागणार नव्हतं, हे रागातही तिला कळत होतं. पक्षी सोलून भरणाऱ्या जुन्या कारागिराच्या वह्या माळ्यावर होत्या. प्रत्येकाचं पोट उघडल्यावर आत काय दिसलं, हे त्या माणसाने आकड्यासकट लिहून ठेवलं होतं. शाई मात्र पार पुसट झालेली. मंगळवारी सकाळी ती नवऱ्यासमोर उभी राहिली. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.

"तुमचं डोळ्याला लावायचं भिंग द्या."

"आणि मी घड्याळं काय वास घेऊन दुरुस्त करू?"

"दोन दिवस. तुमची गिऱ्हाइकं उशिरा पोचली तर मरत नाहीत. माझ्या जळतील."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "अगं, पण त्या मेल्यात ना आधीच?"

"मेल्यात, आई. म्हणून काय नर म्हणून जाळायच्या?"

सासूबाईंचा हात थांबला. "दे रे तिला भिंग," त्या मुलाला म्हणाल्या. "माझ्या पेन्शनच्या कागदावर कुणा गाढवाने मला 'श्री' करून ठेवलंय. अकरा वर्षं खेटे घालतेय मी."

दोन दिवस मावशी डबा न उघडता वहीवर वाकलेली होती. चिठ्ठीवरचा आकडा, वहीतला आकडा, आणि पुढे कारागिराचा शब्द: अंडाशय. असे अठ्ठ्याण्णव निघाले. उरलेल्या आठांचं पान वाळवीने खाल्लं होतं. त्याचा राग वेगळा.

गुरुवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तरुण, गोड बोलणारे. रुमालावरच्या मादीकडे त्यांनी पाहिलंच नाही, संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"मॅडम, या जातीचे आपल्याकडे चौदा नर आहेत, मादी एकही नाही. हे बघा."

"या चौदातले पाच यादीत आहेत. पाचही माद्या आहेत. वहीत लिहिलंय."

"वही कुणाची, तर कातडी सोलणाऱ्याची. अधिकृत नोंद ही. आणि खरं सांगू का, लोक रंग बघायला येतात. मातीच्या रंगाला कोण तिकीट काढणार?"

मावशी दात-ओठ खात मागच्या खोलीत गेली आणि अंड्यांच्या कपाटातला एक आख्खा खण उचलून घेऊन आली. तो तिने मादीशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी परत गेली, आणि साहेब स्वतः वही शेजारी घेऊन रकाने बदलत बसले. पण जिन्यात कुणाला त्यात रस नव्हता. सगळ्यांना एकच हवं होतं: ती बोलली काय? आमच्या पहिल्या मजल्यावरचा एकजण संग्रहालयातच कारकून आहे, तो तेव्हा साहेबांच्या खोलीत फाइल घेऊन उभा होता. त्याने सांगितलं ते असं:

"चौदाही नर म्हणता ना, साहेब? ही एकोणचाळीस अंडी याच जातीची, तुमच्याच संगणकात आहेत. यातली कुठल्या नराने किती घातली, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या. दोरा मी बांधते."